यादीत धारदार काही नाही

३ नोव्हेंबर, सोमवार
दुकान उघडायच्या आत सिनेमावाल्यांचा माणूस दारात. कॅनॉलकडची रिकामी वस्ती त्यांनी भाड्याने घेतली आहे, तिथली पाण्याची मोटर बंद. "रिवायंडिंगला किती दिवस लागतील?" म्हटलं, न बघता सांगणारा मेकॅनिक खोटा. गेलो. वायंडिंग शाबूत होतं, कपॅसिटर गेलेला. दहा मिनिटांचं काम.
मग त्यांचा गोठा पाहिला. सिनेमासाठी नवा बांधलेला. गव्हाण घोड्याच्या उंचीला. गोवऱ्या सगळ्या एका मापाच्या, साच्यातून काढल्यासारख्या. म्हशीचं दावं खुंट्याला अशा गाठीनं बांधलेलं की म्हशीनं मान हलवली तर सुटेल. सगळं बोललो. मला न बोलता राहता येत नाही, असं बायको, शालन, म्हणते, ते खरं आहे.
दिग्दर्शिका रेवती मॅडम, पुण्याच्या, चाळिशीच्या आतल्या. सगळं उतरवून घेतलं. म्हणाल्या, "काका, महिनाभर येत जाल का? तपशील बघायला." 'काका' खटकलं (मी चोपन्न). पण सातवी शिकलेल्या माणसाला तपशील बघायला बोलावलं, याची नोंद ठेवतो.
गोष्ट कशाची, विचारलं. "एक बाई नवऱ्याला मारते."
"मारते म्हणजे?"
"ठार."
घरी शा.ला सांगितलं. "बरं," म्हणाली. "दुपारची भाकरी घिऊन जात जावा मग."

४ नोव्हेंबर, मंगळवार
संहिता वाचली. शेवटी बाई कोयत्यानं वार करते, एकूण सात. रे. मॅडमना सांगितलं, कोयता ऊसतोडीवाल्यांच्या हातातला. तुमची बाई म्हशीवाली. तिच्या हाताशी गवताचा विळा असेल. त्याला दाते असतात, त्यानं गवत कापतात, माणूस नाही.
"मग कशानं?"
चौकशी करून सांगतो म्हटलं. अंदाजानं सांगायची मला सवय नाही.
त्यांनी एक पेनड्राइव्ह दिला. चार सिनेमे आहेत, चारही परदेशी, चारही बायकांनी काढलेले, चारहींत बाई पुरुषाला मारते. "बघा काका. मग बोलू." टीव्हीला लागतो का पाहिलं. लागतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार
पहिला पाहिला. शा. लसूण सोलत बसली होती, ती मधूनच बघू लागली. खालची इंग्रजी अक्षरं मला बऱ्यापैकी लागतात, डिक्शनरी मांडीवर होती. जे लागलं ते तिला सांगत गेलो. थोड्या वेळानं म्हणाली, "सांगू नका. कळतंय."
बाई नवऱ्याला जिन्यावरून ढकलते. त्या आधी पाऊण तास नुसती भांडी घासते. मला वाटलं कंटाळवाणं आहे. शा.चा लसूण सोलून झाला होता, तरी ती उठली नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
चारही संपले. हिशेब लावला: चार सिनेमांत अकरा पुरुष मेले. दोन नवरे, एक सासरा, एक मालक, एक डॉक्टर, बाकी किरकोळ. तिसऱ्यात रक्त फार लाल आहे. रक्त वाळताना काळपट होतं, दुकानात पत्र्यानं हात कापला की रोज बघतो. रे. मॅडमना सांगणे.
माझं मत: राग समजतो, पण एवढा? भांडून, सोडून, माहेरी जाऊनही भागलं असतं.
शा.नं मत विचारायची वाट पाहिली नाही. "पयल्याला उगं मारलं. दुसऱ्याला मारायला उशीर केला. तिसरीनं बरुबर केलं पर आदी लई बोलली. मारायचं तर येवढं कशाला बोलायचं?"
"आणि चौथा?"
"चौथ्यात ती बाई रडली ते मला न्हाई पटलं."
रात्रीला हुलग्याची शेंगोळी केली होती. दोनदा घेतली. थंडी पडू लागली आहे, हुलगा मानवतो.

११ नोव्हेंबर, मंगळवार
आज माझं मोठं काम झालं. नीट लिहितो.
संहितेत नवरा दारू पितो, मारतो. रे. मॅडम म्हणाल्या, "काका, असा नवरा लोकांनी शंभरदा बघितलाय. तो मेला की सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि घरी जातात. मला चांगला नवरा पाहिजे. निर्व्यसनी. हात न उचलणारा. कामाचा. तरीसुद्धा तिला एवढा राग यावा. कशानं येईल?"
युनिटमधली पाच-सहा माणसं बसली होती. कुणी म्हणालं बाहेरची बाई, कुणी म्हणालं हुंडा. मी म्हटलं, "म्हैस विकायची. बायकोनं वासरापासून वाढवलेली. तिला न विचारता. आणि म्हैस ओळखीच्या माणसाच्या हातानं शांत चालते म्हणून बाजारात धरून न्यायलाही तिलाच लावायचं."
रे. मॅडमनी वहीत लिहिलं. मग वर बघून म्हणाल्या, "कुठं पाहिलंत हे?"
"पाहिलेलं आहे," एवढंच म्हटलं. आमच्या म्हशीचं, गजरीचं, नाव काढलं नाही. चौदा वर्षं झाली. त्या वेळी वायंडिंगचं मशीन घ्यायचं होतं. त्या मशीनवर दुकान उभं राहिलं, हे खोटं नाही.
आता गोष्टीला कारण मिळालं. एवढ्यावरून कुणी कुणाला मारत नाही, पण सिनेमात खपून जाईल.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
चौकशी. सकाळी दूध डेअरीवर गेलो, बायका कॅन घेऊन रांगेत असतात ती वेळ साधून. वही उघडली, सरळ विचारलं: म्हशीवाल्या बाईनं नवऱ्याला मारायचं ठरवलं तर कशानं मारेल?
वाटलं होतं लाजतील, नाही तर रागावतील. उत्तरं जशीच्या तशी:
पहिली, कॅन खाली न ठेवता: "इळा नका घिऊ. इळ्याला धार तोच लावून देतो. म्हणंल, आज येवढी कशाला पायजे?"
तिच्या मागची: "मारायचं कशाला जिवावर उदार हून? आठ दिस ताट वाढू नका. बाप्या मानूस आपुआप जातंय."
तिसरीनं चांगला पाच मिनिटं सगळा बेत सांगितला, दिवस, वेळ, घरात कोण नसेल, सगळं. तो इथं लिहीत नाही. नवरा माझं गिऱ्हाईक आहे.
शेजारच्या कौसाआत्या, वय सत्तरच्या वर, विधवा, काठी टेकून ऐकत होत्या. "बापू, माझं लिही. हिरीवर. पानी शेंदायला वाकला की मागनं."
"मग?"
"मग काय. जलमात वाकला न्हाई. पानी मीच शेंदायची."
रांग हसली. आत्याही हसल्या. मी लिहून घेतलं.
नोंद: एकूण चार बायकांना विचारलं. एकीनंही 'असं कसं विचारता' म्हटलं नाही. एकीलाही आठवावं लागलं नाही. हे मला डाचतंय. मोटरचा आरपीएम विचारला तर मलासुद्धा पाटी बघावी लागते.
घरी येऊन शा.ला विचारलं. ती ज्वारी निवडत होती.
"चार जनींस्नी इचारलं, आता पाचवी मी व्हय?"
"सांग की."
"तुमी जित्तं हाय न्हवं? मग झालं."

१५ नोव्हेंबर, शनिवार
बाजाराचा दिवस, म्हणून म्हैस विकायचा प्रसंग आपल्या काष्टीच्या खऱ्या बाजारातच घेतला. तिथं मी दिग्दर्शकाच्याही वर होतो, खोटं कशाला बोला. नवऱ्याचं काम करणाऱ्या नटाला सौदा शिकवला: दलालाचा हात हातात, वरून टॉवेल, आत बोटं दाबायची. तोंडानं आकडा काढायचा नाही. दोघांचे चेहरे आभाळाकडे, जसं काही पावसाचं बोलणं चाललंय. बाई तीन हातांवर दावं धरून उभी. तिला टॉवेल दिसतो, सौदा दिसत नाही. रे. मॅडम म्हणाल्या, "काका, सगळा सिनेमा या टॉवेलखाली आहे."
आणि दुसरं, जे बाहेरच्याला ठाऊक नसतं: जनावर विकलं तरी दावं द्यायचं नाही. दावणीची लक्ष्मी जाते. घेणारा आपलं दावं घालतो, आपलं सोडून आपण घरी आणायचं. तेही घेतलं.
मग नटीनं (बाईचं काम करणारी, हुशार मुलगी) म्हैस जाताना रडायचं होतं. ते मीच सुचवलेलं. शा. भाकरी घेऊन आली होती, दोरीच्या बाहेर उभी. तिनं मला खुणेनं बोलावलं.
"ती का रडती?"
"म्हैस गेली म्हणून. तू नव्हतीस का रडली, गजरी विकली तेव्हा?"
"मी?" शा. म्हणाली. "मी कवा रडले?"
"अगं, बाजारातच. पदर लावलेला डोळ्याला."
"तुमी बगितलं?"
बघितलं म्हणालो. ती भाकरीचं फडकं हातात देऊन निघून गेली.

१५ नोव्हेंबर, पुन्हा, संध्या. ६
चुकीचा तपशील माझ्याकडून जाता कामा नये. पोटमाळ्यावरून चौदा वर्षांमागची वही काढली. त्या शनिवारची नोंद अशी:
"गजरी विकली. पंढरपुरी. तिसरं वेत. शिंगं पाठीपर्यंत, डाव्याचं टोक झिजलेलं. कासेत दोष नाही. दोन्ही वेळचं मिळून नऊ लिटर. आभाळ निरभ्र, वारा पश्चिमेचा. टॉवेलखाली तीन वेळा बोटं, चौथ्यांदा जमलं. दावं घरी आणलं. मशीनचं नक्की. शा. बरोबर होती."
शिंगाच्या टोकापर्यंत सगळं आहे. वाऱ्याची दिशासुद्धा. शा.बद्दल तीन शब्द, 'शा. बरोबर होती'. रडली असं कुठंही नाही. मागचे-पुढचे आठ दिवस चाळले. नाही.
म्हणजे रडली हे मी मागाहून जोडलं. कधी, ते आठवत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
सकाळी चहा घेताना सरळ विचारलं. "त्या दिवशी तू काय करत होतीस मग?"
"दावं गुंडाळत हुते."
"राग आला होता?"
ती कपातलं बघत होती. मग, "आला हुता."
"किती?"
"तुमाला सगळं मापात पायजे," म्हणाली. रागानं नाही, हसूनच. मग म्हणाली, "तुमाला न्हाई सांगायची. म्याडमला सांगंन. तिला कामाला यील."
माझी बायको कधी उपाशी झोपली नाही, मी हात उचलला नाही, तिच्या नावावर गॅस आहे, अर्धं घर आहे. हे सगळं मनात आलं. बोललो नाही. दुपारी पेरू खाल्ले दोघांनी, मीठ-तिखट लावून. घरात काही बिघडलेलं नाही. हेच जरा नवल वाटलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
शा. आज माझ्याबरोबर सेटवर. निमित्त: नटीला धार काढता येईना. शा.नं तिचा अंगठा धरून आत वळवला, "असा. कास दाबायची न्हाई, सोडवायची." दहा मिनिटांत दूध चरवीत वाजू लागलं. सिनेमाच्या म्हशीला नाव नव्हतं. शा.नं ठेवलं, हिरवीन. आता युनिट तेच म्हणतं.
नंतर शा. आणि रे. मॅडम कडुनिंबाखाली बाजेवर बसल्या. सव्वा अकरा ते बारा वाजून दहा. मी जनरेटरचं बघत होतो, ऐकू येणाऱ्या अंतरावर नव्हतो. शा.चे हात दिसत होते. एकदा तिनं काहीतरी ओढल्यासारखं केलं. एकदा दोन्ही हात ओंजळीसारखे धरले. शेवटी हात झटकले, भाकरी थापून झाल्यावर झटकते तसे.
रे. मॅडमनी वही बाजूला ठेवली. मग शा.चा हात हातात घेऊन बसल्या.
घरी येताना गाडीवर मागं बसून शा. गुणगुणत होती. माझ्या खांद्यावर हात, नेहमीसारखा.

१९ नोव्हेंबर, बुधवार
शेवटचा प्रसंग नवा लिहिलाय. तो मला वाचायला दिला नाही. "काका, हा राहू दे." सामानाची यादी मात्र माझ्याकडेच आली, कारण सामान मीच आणतो. अक्षर रे. मॅडमचं. उतरवून ठेवतो:
दावं, जुनं, वापरलेलं. पितळी चरवी, पोचा आलेली. बसायचा पाट. बादलीभर गरम पाणी. टॉवेल, लाल पट्टीचा. पुरुषाची चप्पल एक जोड, उजवीची वादी शिवलेली.
तीनदा वाचली. यादीत धारदार काही नाही. जड काही नाही. विषारी नाही. विहीर नाही.
चप्पल वाचून थांबलो. मी आज घालतो तिची वादी शाबूत आहे. पण गजरी विकली त्या साली माझी उजवी वादी शिवलेली होती, हे मलाच आठवतं. आणखी एका माणसाला आठवतं असं दिसतं.
दुकानात बसून जुळवाजुळव केली. दाव्यानं तर उघड आहे, पण मग पाट कशाला? पाटावर मी बसलेलो, म्हणजे तो नवरा बसलेला. पाठ कुणाकडे? गरम पाणी अंघोळीचं का पायांचं? टॉवेल बाजारातला, खांद्यावर असतो तो. पण चरवी? चरवीनं कसा मरेल माणूस? कुठलंही एक जिन्नस बाजूला ठेवलं की बाकीचं जुळतं. सगळं धरलं की जुळत नाही. असं कनेक्शन मी आजवर सोडून दिलेलं नाही.
नवं दावं चहात बुडवून जुनं करायच्या विचारात होतो. शा. म्हणाली, "थांबा." आतल्या ट्रंकेतून काढून दिलं. गुंडाळी घट्ट, वरून फडकं. गजरीचं दावं. मला वाटत होतं ते कधीच फेकलं गेलं. चौदा वर्षं लुगड्यांच्या खाली होतं.
"हे कशाला ठेवलंस?"
"दावणीची लक्ष्मी," म्हणाली. "तुमीच म्हंता न्हवं."

२० नोव्हेंबर, गुरुवार
यादी पूर्ण. चरवी घरची. पाट कौसाआत्यांकडचा, एक पाय लंगडा, तसाच बरोबर. टॉवेल बाजारातून. चप्पल: माझीच दिली. चांभाराकडून उजवी वादी कापून परत शिवून घेतली. तो म्हणाला, "भाऊ, चांगली हाय की, कापू कशाला?" सिनेमाचं आहे म्हटलं. शिलाई पांढऱ्या दोऱ्यानं घालायला लावली. त्या साली पांढऱ्याच दोऱ्याची होती.
माझ्यासारखा माणूस कसा मरतो याचं सामान असलं तरी त्यात कुणाला चूक काढता येऊ नये.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी सेटच्या तोंडाशी रे. मॅडमनी अडवलं. "काका, आज तुम्ही नको." शा. मात्र आत. नटीजवळ तिला बसवलेलं.
दुकानात परत आलो. तीन एचपीची मोटर हातात होती. वेढे मोजताना चुकलो. दोनदा. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. तार सोडवून पुन्हा सुरुवातीपासून घातली.
कॅनॉलकडून काही ऐकू येतं का, लक्ष होतं. काही नाही. ओरडणं नाही, काही नाही. दुपारी दीडला युनिटच्या टेम्पोचा हॉर्न, जेवणाचा.
शा. पाचला आली. चेहरा धुतला. मला विचारलं, "जेवला व्हता का?" हो म्हटलं. "चांगलं झालं," म्हणाली. जेवलो ते, का तिकडचं काम, विचारायचं राहिलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार
सामान परत आलं. चरवी ठीक. चप्पल ठीक. टॉवेल ओला होऊन वाळलेला. दाव्याला एक गाठ तशीच राहिली आहे. शा. डावखुरी, तिची गाठ उलट्या अंगानं पडते, मी शंभरांत ओळखीन. सोडवली नाही. खुंटीला अडकवलं.
नवऱ्याचं काम करणारा नट निरोप घ्यायला दुकानात आला. भला माणूस. चहा पाजला. मी सहज विचारल्यासारखं, "काल कसं झालं?"
तो म्हणाला, "काका, मॅडमनी सांगू नका म्हटलंय." मग चहा संपेपर्यंत माझ्याकडं असा बघत होता, जसं मयताच्या घरी बसायला आलेली माणसं बघतात. जाताना पाया पडला. आजवर पडला नव्हता.
सिनेमा पुढच्या वर्षी इथं दाखवणार आहेत, मंगल कार्यालयात, पडदा लावून. रे. मॅडमनी शब्द दिलाय. तोपर्यंत थांबावं लागेल. थांबणं मला जमतं. वार्निश वाळायच्या आत मोटर देणारा मी नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार
आवराआवर. गोठा पाडला. पत्रे मोजून लावून घेतले, एक वाकलेला निघाला. जनरेटर रवाना. युनिटच्या मॅनेजरनं विचारलं, काका, म्हशीचं काय करायचं, तुमच्या ओळखी आहेत, शनिवारच्या बाजारात लावून द्याल का. हो म्हटलं. दलालाला फोन करून ठेवला. म्हैस चांगली आहे, दुसरं वेत, कासेत दोष नाही, बाजार मिळेल.
संध्याकाळी थंडी बरीच. बाजरीची भाकरी, लसणाची चटणी.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी कालचं वाचलं. शुद्धलेखन तपासायची सवय आहे.
दुसऱ्यांदा वाचलं.
शा. नऊ दिवस त्या म्हशीची धार काढतेय. नाव तिनं ठेवलं. मी महिनाभर त्याच गोष्टीचे तपशील तपासले, टॉवेल शिकवला, बोटं शिकवली, चप्पल शिवून दिली. आणि काल मॅनेजरनं विचारलं तर 'हो म्हटलं'. खाली भाकरी आणि चटणीसुद्धा लिहिली आहे. शा.चं नाव त्या नोंदीत कुठंच नाही.
वही मिटून मागच्या दारी गेलो. ती भांडी घासत होती. म्हटलं, "काल माझ्याकडून एक झालं."
"ठावं हाय," म्हणाली.
"काय ठाऊक आहे?"
"हिरवीन इकायला निघालाय. दलालाला फोन केला तवा आयकलं. म्याडमचा फोन आल्ता परवाच. म्हनल्या, शालनताई, तुमी शिकिवलं, तुमी धार काढली, म्हैस तुमची. ठिवा न्हाईतर इका. मॅनेजरला त्येंनी सांगितलं न्हवतं अजून."
"परवा? मग मला बोलली नाहीस?"
"बगत हुते तुमी कवा सांगताय." तिनं परात पालथी घातली. "मागल्या येळी चौदा वर्सं लागली. आवंदा एकच दिस. सुदारलाय."
मला हसू आलं. तिलाही. पण तिचे हात राखेतच होते आणि ती हसता हसता माझ्या चपलेकडं बघत होती, शिवलेल्या वादीकडं.
"त्या दिवशी," मी म्हटलं, "खरंच ठरवलं होतंस?"
"सिनेमा बगा की."
"आणि मग का नाही केलंस?"
यावर तिनं खरंच विचार केला. डेअरीवरच्या बायकांना लागला नव्हता, हिला लागला. "पानी तापिवलं हुतं," म्हणाली. "तवर तुमी मशीनचं सांगत आलाव. येवढं त्वांड भरून सांगत हुता. ल्हान पोरावानी. म्हनलं, सांगून हुद्या." परात उचलली. "तवर पानी निवलं."
नवीन वेढा घातल्यासारखं डोक्यात अजून फिरतंय. दलालाला फोन करून सांगितलं, शनिवारचं माझ्याकडून काही नाही. मालकीणबाई ठरवतील.

२९ नोव्हेंबर, शनिवार. स. ९.४०
वही खिशात आणलीय म्हणून इथंच लिहितो. कॅनॉलच्या पुलाच्या कठड्यावर बसलोय. खाली हिरवीन पाणी पितेय, शा. शेजारी उभी.
सकाळी आम्ही दोघं वस्तीवरून म्हैस आणायला निघालो, तेव्हा शा.नं खुंटीवरचं गजरीचं दावं घेतलं. तिथं गेल्यावर तेच हिरविनीला घातलं. गाठ न सोडवता, तशीच सरकवून. बसली बरोबर.
मी विचारलं, "बाजारात नेतेस, का घरी?" विकली तर त्यातनं काय करायचं हे तिचं ठरलेलं आहे. नेवाशाला बहिणीकडं राहायला जाणार, चांगली महिनाभर. ठेवली तर गोठ्यावर पत्रे मी घालून देणार. दोन्ही तिनं काल जेवताना सांगितलं, दोन्ही सांगताना सारखीच खूश होती. माझा कल मी सांगितला नाही. तोंडावर आला होता, भाकरीबरोबर गिळला.
"फाट्यावर सांगते," म्हणाली. पुढं अर्ध्या किलोमीटरवर फाटा. उजवीकडं बाजार, डावीकडं आपलं घर.
मी दावं धरायला हात पुढं केला. इतकी वर्षं तेच करत आलोय.
"ऱ्हाऊ द्या. म्हस मी आनते. तुमी पुढं व्हा."
"पुढं?"
"व्हय. माज्या म्होरं चालायचं. मागं बगायचं न्हाई."
ऊन कोवळं आहे. वारा उत्तरेचा. म्हशीचं पाणी पिऊन झालं. शा.नं दाव्याचा एक वेढा हाताला घेतला, डाव्या. आज हिरवं लुगडं नेसलीय, नाकात नथ नाही, केस नुकतेच धुतलेले. हे लिहून ठेवतो.
ती म्हणतेय, "चला."
वही मिटतो. पुढं मी चालायचं आहे.